मास द्यायला निघालात? आधी तुमचा रेणू आयन कसा होणार ते ठरवा

"एनएमआर एकदम क्लीन आहे, पण मास येत नाहीये." पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्यांच्या घोळक्यात चहाला उभे राहिलात, तर हे वाक्य कानावर पडणारच. एनएमआर आणि मास या रेणू ओळखायच्या दोन तपासण्या; मास, म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्री, रेणूचं वस्तुमान मोजते. बऱ्याचदा संयुग बरोबर असतं, यंत्रही धड असतं. या रेणूवर प्रभार येणार कुठून, एवढंच कुणी विचारलेलं नसतं.

मास स्पेक्ट्रोमीटरला फक्त आयन, म्हणजे प्रभारित अणू-रेणू, दिसतात. विद्युतक्षेत्र किंवा चुंबकीय क्षेत्र लावून ज्याला ढकलता येतं, वळवता येतं, तेच शेवटी डिटेक्टरवर पोचतं. उदासीन रेणू पंपाबरोबर निघून जातो आणि कागदावर त्याचा मागमूसही राहत नाही. हे एकदा पक्कं डोक्यात बसलं की सॅम्पल देतानाच्या फॉर्ममधले अर्धे रकाने आपोआप भरता येतात.

कॉलेजात स्वतःचं मास नाही आणि सॅम्पल पहिल्यांदाच बाहेर द्यायचंय, अशांसाठी हा लेख आहे. एका बाबतीत पुण्यातली मुलं नशीबवान आहेत. पाषाणला होमी भाभा रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, तिच्या शेजारी आयसर, आणि गणेशखिंडीत विद्यापीठ. तिन्ही ठिकाणं स्कूटरच्या टप्प्यात. कुठे कोणतं यंत्र सध्या चालू आहे आणि बाहेरच्यांची सॅम्पल्स घेतात का, हे मात्र त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून, फोन करूनच निघा. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवरही देशभरातली उपकरणं शोधता येतात.

१. आयन होणं म्हणजे काय, हे पुन्हा एकदा नीट बघा

सोडियमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन. एक इलेक्ट्रॉन गेला की १० उरतात, आणि अणू एक एककाने धनप्रभारित होतो. क्लोरिनने एक इलेक्ट्रॉन घेतला की तो ऋणप्रभारित. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. गोची पुढे आहे. शाळेत मनात असं बसतं की सोडियम इलेक्ट्रॉन द्यायला टपलेलाच असतो. प्रत्यक्षात एकट्या सोडियम अणूचा इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा घालावी लागते, आणि क्लोरिनने तो घेतल्यावर साधारण ३.६ परत मिळते. म्हणजे व्यवहार तोट्याचाच! तो तोटा भरून निघतो दोन्ही आयनांमधल्या आकर्षणामुळे, स्फटिकात ते शेजारी शेजारी बसतात तेव्हा.

मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये शेजारी नसतो. तिथे आयन निर्वात पोकळीत एकटा उडतो. म्हणून प्रभार देण्याची किंमत कुणीतरी मोजावी लागते: कधी वेगवान इलेक्ट्रॉन, कधी लेसर, कधी द्रावणातलं आम्ल आणि वर हजारो व्होल्ट. 'आयोनायझेशन मेथड' या भारदस्त शब्दामागे एवढंच आहे की ही किंमत कोण आणि कशी मोजणार.

रेणूंना अणूंपेक्षा जास्त वाटा मोकळ्या असतात. इलेक्ट्रॉन गमावणं ही एक. प्रोटॉन चिकटवून घेणं ही दुसरी, आणि सेंद्रिय रसायनवाल्यांच्या रोजच्या कामात हीच सर्वांत जास्त उपयोगी पडते. प्रोटॉन सोडून देणं ही तिसरी. चौथीत रेणू स्वतः काही घेत-सोडत नाही. दुसराच एखादा आयन, बहुधा सोडियम, त्याला येऊन बिलगतो. आणि काही संयुगं मुळातच आयन असतात, त्यांना फक्त द्रावणातून हवेत उचलायचं असतं.

२. रचना कागदावर काढा आणि प्रभाराची जागा शोधा

यंत्राचं नाव ठरवण्याआधी हे करा. पेन घ्या, रेणू काढा, आणि विचारा: प्रोटॉन कुठे बसेल? कुठून निघेल?

अमाइन, पिरिडीन, इमिडाझोल असा आम्लारिधर्मी नायट्रोजन असेल तर काळजी नको. पॉझिटिव्ह मोडमध्ये, म्हणजे यंत्र धन आयन मोजतं तेव्हा, प्रोटॉन घेऊन रेणू समोर येईल. कॅफिनचं नेमकं वस्तुमान १९४.०८०४, आणि ते १९५.०८७७ ला दिसतं.

कार्बॉक्सिलिक आम्ल, फिनॉल, सल्फोनिक आम्ल असेल तर निगेटिव्ह मोड, म्हणजे ऋण आयनांचा, मागा. अ‍ॅस्पिरिनचं वस्तुमान १८०.०४२३, प्रोटॉन सुटल्यावर १७९.०३५० ला ऋण आयन मिळतो. शेजारी १३७.०२ चा पीक, म्हणजे आलेखातलं टोक, दिसला तर घाबरू नका, अ‍ॅसिटिल गट गळून उरलेलं ते सॅलिसिलेट आहे.

साखरा आणि पुष्कळसे एस्टर सोडियम धरून येतात. ग्लुकोज १८०.०६३४ चं, पण पीक शोधायचा २०३.०५२६ ला. १८१ ला काहीच नाही म्हणून संयुग फेकून देणारे असतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता नॅफ्थॅलीन घ्या. ना नायट्रोजन, ना ऑक्सिजन. प्रोटॉनला बसायला धड जागा नाही आणि सोडायलाही सैल हायड्रोजन नाही. असं संयुग इलेक्ट्रोस्प्रेला (ही पद्धत पुढच्या पायरीत येते) दिलंत तर कोरा कागद परत येण्याचीच शक्यता जास्त. त्याचा इलेक्ट्रॉनच काढावा लागतो, आणि त्याला सुमारे ८.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात.

मुळात आयन असलेल्यांची गंमत वेगळी. टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइडच्या बाटलीवर रेणुभार ३२२.३७ लिहिलेला असतो. पॉझिटिव्ह मोडमध्ये पीक येतो २४२.२८ ला, कारण ब्रोमाइड वेगळा उडतो. इथे प्रोटॉनचा एक मिळवायचा नाही आणि जोडीदाराचं वस्तुमानही धरायचं नाही. क्वाटर्नरी अमोनियम, फॉस्फोनियम, पिरिडिनियम लवणं या सगळ्यांना हाच नियम.

३. पद्धत निवडा

इलेक्ट्रॉन आयोनायझेशन, म्हणजे ईआय. संयुगाची वाफ करून तिच्यावर ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडतात. बहुतेक सेंद्रिय रेणूंचा इलेक्ट्रॉन काढायला साधारण ८ ते १२ पुरतात, म्हणजे हे सुपारी फोडायला घण आणण्यासारखं झालं. उरलेल्या ऊर्जेचा काही भाग रेणूत शिरतो आणि तो तुटतो. पण ते तुकडे ठरावीक पद्धतीने पडतात, आणि जगभर ७० चाच आकडा वापरत असल्यामुळे तुमचा स्पेक्ट्रम संगणकातल्या संग्रहाशी ताडून पाहता येतो. सुगंधी तेलं, लहान हायड्रोकार्बन, द्रावकांचे अवशेष यांच्यासाठी जीसी-मासला, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मासला, पर्याय नाही. अट एकच, संयुगाची न जळता वाफ झाली पाहिजे. पेप्टाइड किंवा लवण इथे देऊ नका.

इलेक्ट्रोस्प्रे, म्हणजे ईएसआय. नव्वद टक्के वेळा 'मास करून आण' म्हणताना गाईडच्या मनात हेच असतं. द्रावण बारीक नळीतून पाठवतात आणि टोकाला ३ ते ५ हजार व्होल्ट देतात. टोकाशी प्रभारित थेंबांचा फवारा उडतो. द्रावक उडत जातो, थेंब आक्रसतो, पण त्यावरचा प्रभार तेवढाच राहतो. एका मर्यादेनंतर पृष्ठताण त्या प्रभाराला आवरू शकत नाही आणि थेंब फुटतो. ही मर्यादा लॉर्ड रॅले यांनी १८८२ मध्येच मांडली होती. असं पुन्हा पुन्हा होत शेवटी उघडा आयन उरतो. प्रचंड प्रथिनंसुद्धा न तुटता उडवता येतात हे या पद्धतीने जॉन फेन यांनी दाखवलं, आणि २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ते वाटेकरी झाले.

प्रथिनं इथे एकाच वेळी अनेक प्रोटॉन घेतात. यंत्र मोजतं ते वस्तुमान भागिले प्रभार. कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम सुमारे १४,३०५ डाल्टनचं. दहा प्रोटॉन घेतले की ते १४३१.५ च्या आसपास दिसतं. छोट्या रेणूतही दोन प्रभार येऊ शकतात. तेव्हा समस्थानिकांचे पीक एकाच्या ऐवजी अर्ध्याच्या अंतराने येतात, ती खूण लक्षात ठेवा.

माल्डीमध्ये संयुग एका प्रकाश शोषणाऱ्या आम्लात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, मिसळून धातूच्या प्लेटवर वाळवतात आणि वर लेसरचा झटका देतात. पॉलिमर, डेन्ड्रिमर, मोठी पेप्टाइडं यांच्यासाठी उत्तम. तीनशे-चारशेच्या खालच्या रेणूंना मात्र टाळा, तिथे मॅट्रिक्सचेच पीक गर्दी करतात.

फारसं ध्रुवीय नसलेलं, पण प्रोटॉन थोडाफार धरू शकेल असं संयुग असेल, स्टेरॉइडसारखं, तर एपीसीआय, म्हणजे वातावरणाच्या दाबाखालचं रासायनिक आयनीकरण, आहे का विचारा.

४. अपेक्षित आकडे घरूनच काढून न्या

इथली पहिली चूक 'मॉलिक्युलर वेट' आणि 'एग्झॅक्ट मास' यांची. रचना काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात आणि हात सवयीने पहिल्याकडे जातो. ब्रोमोबेन्झीन बघा. रेणुभार १५७.०१. स्पेक्ट्रममध्ये मात्र जवळपास सारख्या उंचीचे दोन पीक, १५६ आणि १५८. मधल्या १५७ ला नावापुरतंच काहीतरी. कारण निसर्गात ब्रोमिनची दोन समस्थानिकं जवळजवळ निम्मी निम्मी असतात आणि रेणुभार त्यांची सरासरी दाखवतो. क्लोरिनला हीच जोडी तीनास एक या प्रमाणात येते. ही जोडी दिसली की हॅलोजन अजून जागेवर आहे, हे बाकी काही न वाचता कळतं.

नमुना म्हणून पॅरासिटॅमॉल घेऊ. नेमकं वस्तुमान १५१.०६३३. तुमच्या वहीत आकडे असे हवेत:

प्रोटॉन घेऊन: १५२.०७०६
सोडियम घेऊन: १७४.०५२५
पोटॅशियम घेऊन: १९०.०२६५
प्रोटॉन सोडून: १५०.०५६१
दोन रेणू मिळून एक सोडियम: ३२५.११५९

शेवटचा पीक आला की गटात चर्चा सुरू होते, 'डायमर झालाय की काय'. रिअ‍ॅक्शनमध्ये काही झालेलं नसतं. द्रावण जास्त घट्ट असलं की दोन रेणू एकच आयन धरून उडतात.

सोडियम आणि पोटॅशियमच्या पीकमध्ये १५.९७ चं अंतर असतं, आणि ऑक्सिजनचं वस्तुमान १५.९९. साध्या यंत्रावर हा फरक कळत नाही. 'संयुग ऑक्सिडाइज झालं' असा निष्कर्ष काढण्याआधी तो पोटॅशियम नाही ना, एवढं तपासा.

हाय रिझोल्यूशन मास, म्हणजे चार दशांश स्थळांपर्यंतचं नेमकं मास, द्यायचं असेल तर आणखी एक. हायड्रोजन अणूचं वस्तुमान १.००७८३, प्रोटॉनचं १.००७२८. फरक फक्त एका इलेक्ट्रॉनचा. पण १५२ च्या आसपास तो साडेतीन पीपीएमहून (दहा लाखांत साडेतीन भागांहून) जास्त भरतो, आणि नियतकालिकं साधारण ५ पीपीएमच्या आत जुळणी मागतात. धन आयन म्हणजे इलेक्ट्रॉन कमी. तो आकड्यातूनही कमी करायचा असतो.

५. सॅम्पल तयार करणं

लागणारं सामान: स्वच्छ काचेच्या छोट्या वायल आणि त्यांची घट्ट झाकणं, एलसी-मास दर्जाचं, म्हणजे अतिशुद्ध, मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल, ०.२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर, मायक्रोपिपेट, कागदी लेबलं, पेन्सिल, आणि वायल उभ्या राहतील असा डबा.

मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असा मूळ द्राव करा. संस्थेने तोच मागितला तर तोच द्या, नाहीतर शंभर ते हजार पट पातळ करून द्या. 'जास्त दिलं तर जास्त दिसेल' हा समज सोडा. थेंबाच्या पृष्ठभागावर जागा मर्यादित असते. गर्दी झाली की कमजोर आयन मागे पडतो, आणि तुमच्या संयुगाने नळी माखली की पुढच्या सगळ्यांच्या स्पेक्ट्रममध्ये तुम्ही दिसता. रंगीत संयुग असेल आणि वायलमध्ये रंग ठळक दिसत असेल, तर ते बहुधा जास्तच झालंय.

मीठ हा इथला खरा शत्रू. फॉस्फेट बफर, सोडियम क्लोराइड असे न उडणारे क्षार थेंबात साचत जातात आणि प्रभाराची वाटणी बिघडवतात. बफर हवाच असेल तर अमोनियम अ‍ॅसिटेट किंवा अमोनियम फॉर्मेट वापरा, ते उडून जातात. वर्कअपनंतर, म्हणजे रिअ‍ॅक्शन संपल्यावर संयुग वेगळं काढताना, सेंद्रिय थर पाण्याने एकदा जास्त धुवा. आणि काचसामानाचं शेवटचं विसळणं मिलीक्यू, म्हणजे अतिशुद्ध, पाण्याने किंवा थेट मिथेनॉलने करा. खडकवासल्याच्या पाण्याचा पुणेकरांना कितीही अभिमान असो, इथे ते चालत नाही.

आगंतुक पाहुण्यांची ओळख करून घ्या, ते सगळीकडे भेटतात. ३९१.२८ म्हणजे प्लास्टिकमधला थॅलेट. ४४ च्या अंतराने शिडी लागली असेल तर पॉलिइथिलिन ग्लायकॉल, बऱ्याचदा भांडी घासायच्या साबणातून आलेलं. ७४ च्या अंतराची शिडी सिलिकॉन ग्रीसची. १०२.१३ म्हणजे कुणाचं तरी ट्रायइथिल अमाइन, कदाचित तुमचंच.

टीबीएएफ (टेट्राब्युटिल अमोनियम फ्लोराइड) वापरून सिलिल गट काढला असेल तर यंत्र चालवणाऱ्याला आधी सांगा. तो २४२.२८ चा आयन यंत्राला गोचिडासारखा चिकटतो. तो न सांगणाऱ्याचं पुढच्या वेळी कसं स्वागत होतं, ते सिनिअरना विचारा.

वायलवर मार्करने थेट नंबर टाकू नका. मिथेनॉलचा एक थेंब ओघळला की नंबर गेला. कागदावर पेन्सिलने लिहून वर टेप लावा. पॅराफिल्म झाकणाच्या बाहेरून गुंडाळा, आतल्या द्रावकाला ती लागता कामा नये. क्लोरोफॉर्ममध्ये तर ती विरघळायलाच लागते. आणि वायल आडव्या ठेवून स्कूटरच्या डिकीत टाकू नका. आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक कुठलंही झाकण सैल करतात. शक्य असेल तर संयुग कोरडंच न्या आणि तिथे पोचून विरघळवा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये.

६. कागदपत्रं

नेहमी लागतात ती अशी: भरलेला मागणी फॉर्म, त्यावर गाईडची किंवा विभागप्रमुखांची सही आणि शिक्का, कॉलेजचं ओळखपत्र, शुल्क भरल्याची पावती, प्रत्येक सॅम्पलची रचना, रेणुसूत्र आणि नेमकं वस्तुमान, कशात विरघळतं ते, हवा-पाणी-उजेडाला नाजूक आहे का, विषारी किंवा स्फोटक आहे का. शैक्षणिक संस्था आणि उद्योगांचे दर वेगळे असतात, त्यामुळे शैक्षणिक दर हवा असेल तर बोनाफाइड सोबत ठेवा.

'मोड' या रकान्यात 'दोन्ही' लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. दुसऱ्या पायरीत जे ठरवलंत ते लिहा आणि शेजारी अपेक्षित आयनही लिहा: 'निगेटिव्ह, प्रोटॉन गेलेला, १७९.०३५०'. समोरच्या सर-मॅडमना तुमचा रेणू पाठ नसतो. दिवसभरात त्यांच्या हाताखालून ढीगभर वायल जातात. काय शोधायचंय ते लिहिलेलं असेल, तर पहिल्या फेरीत न दिसल्यावर ते स्वतःहून व्होल्टेज कमी करून किंवा थोडं फॉर्मिक आम्ल घालून बघतात.

वेळेचं गणित गणपतीत आणि दिवाळीच्या आधी बिघडतं. प्रबंध सादर करायची तारीख जवळ असेल तर हे दिवस धरूनच चाला.

७. पीक आला नाही तर

लगेच सिंथेसिस पुन्हा करायला बसू नका. आधी सोडियम, पोटॅशियम, अमोनियमचे आकडे शोधा. अमोनियमचा आयन मूळ वस्तुमानात १८.०३ मिळवून येतो. मग तुटलेले तुकडे पाहा. बॉक गट (अमाइन झाकून ठेवायला लावतात तो) असेल तर प्रोटॉन घेतलेल्या आयनातून ५६ किंवा १०० वजा करा. तृतीयक अल्कोहोल असेल तर १८. हे तुकडे म्हणजे तुमचाच रेणू, फक्त वाटेत थोडा गळलेला. स्रोताचं व्होल्टेज आणि तापमान उतरवून पुन्हा चालवायची विनंती करा.

तरीही नाही? मोड उलटा करा. तेही नाही जमलं तर प्रभाराची जागा आपणच तयार करायची. अल्डिहाइड किंवा कीटोन असेल तर प्रभारित हायड्रॅझाइडशी, म्हणजे गिरार्ड अभिकर्मकाशी, जोडता येतो. अल्कोहोल किंवा साखर असेल तर द्रावणात चिमूटभराहूनही कमी सोडियम अ‍ॅसिटेट मुद्दाम घालतात. वर ज्याला शत्रू म्हटलं तो सोडियम इथे कामाला येतो, प्रमाण तेवढं सांभाळायचं.

पीक मिळाल्यावर प्रबंधात लिहिताना सूत्र आयनाचं द्या, उदासीन रेणूचं नको. पॅरासिटॅमॉल सोडियम घेऊन आलं असेल तर सूत्रात सोडियम आणि वर अधिक चिन्ह हवं, आणि गणिताने काढलेला व प्रत्यक्ष सापडलेला, असे दोन्ही आकडे चार दशांश स्थळांपर्यंत.